खाद्यात आंब्याची साल घातल्यावर मासे पहाटे वर येतात, वाढ थांबते: कारण कुठे शोधायचं

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॅनिंग कारखान्यांच्या मागच्या अंगाला साल आणि बाठ्यांचे ढीग लागतात. कारखान्यात गेलेल्या आंब्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा बाहेर पडतो. एका दिवसात तो आंबायला लागतो, वर चिलटं घोंगावतात आणि कारखानदार म्हणतो, फुकट घेऊन जा. मत्स्यपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. त्यामुळे शेततळ्यात मासे सोडलेला माणूस हा टेम्पोभर माल आणतो, यात काही नवल नाही.

पुढे मात्र तक्रारी सुरू होतात, आणि दरवर्षी त्या जवळपास त्याच असतात. कुणाचे मासे पहाटे पाण्यावर तोंड काढून राहतात. कुणाचं खाद्य तसंच तळाशी बसतं. कुणाचे मासे खातात भरपूर, पण दोन महिन्यांनी पाग (फेकायचं जाळं) टाकला तर वजन जिथल्या तिथे. आणि काहींचं सगळं सुरळीत चालतं, मग भर पावसाळ्यात मासे मंदावतात, रोज एक-दोन मरायला लागतात.

या चारही तक्रारींना ‘साल माशांना मानवत नाही’ असं एकच उत्तर दिलं जातं. ते बरोबर नाही. साल मानवते. पण ती भाताच्या कोंड्याच्या जागी जाणारी वस्तू आहे, पेंडीच्या जागी जाणारी नाही. आणि कडक वाळलेली असेल तरच ती खाद्य आहे. ओली असेपर्यंत ती फक्त साखरेचं पाणी आहे. जवळपास प्रत्येक बिघाड या दोनपैकी एक गोष्ट विसरल्यामुळे होतो. कोणता बिघाड कशामुळे, ते एकेक करून पाहू.

पहाटे मासे वर येतात

ही सर्वांत घातक तक्रार, म्हणून आधी हीच. मासे वर दिसत असतील तर पुढचं वाचण्याआधी खाद्य पूर्ण बंद करा. एअरेटर असेल तर चालू करा, नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पुन्हा तळ्यात पाडा. ताजं पाणी उपलब्ध असेल तर सोडा. पाण्यात औषध टाकायच्या मागे लागू नका. या घडीला माशांना हवा आहे तो ऑक्सिजन.

आता कारण. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं 30 × 30 × 3 मीटरचं तळं डोळ्यांसमोर आणा. उतार धरून त्यात काठोकाठ सुमारे 2,200 घनमीटर पाणी मावतं. पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे असं धरलं (माशांना एवढा तरी असावाच लागतो), तर सबंध तळ्यात मिळून 11 किलो ऑक्सिजन होतो. एवढंच.

आता ओल्या सालीचा हिशेब करा. तिच्यात शंभरातले 75 ते 80 भाग पाणी असतं. 50 किलो ओली साल टाकली तर सुका माल गेला साधारण 11 किलो, आणि त्यातला मोठा वाटा साखर आणि पेक्टिनचा (फळातला चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ). एक किलो साखर कुजून पूर्ण संपायला एक किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे त्या 50 किलो सालीला सगळी कुजायला लागणारा ऑक्सिजन आणि तळ्यातला सगळा ऑक्सिजन यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. साल एका रात्रीत पूर्ण कुजत नाही आणि दिवसा शेवाळं पाण्यात नवीन ऑक्सिजन सोडतात, हे खरं. पण साखर पाण्यात उतरायला काही तास पुरतात, आणि जिवाणू आधी तिच्यावरच तुटून पडतात. त्यात रात्री शेवाळंही ऑक्सिजन घेतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी ऑक्सिजन सर्वांत खाली गेलेला असतो आणि मासे त्याच वेळी वर येतात.

इथे एक फरक नीट ओळखला पाहिजे. ऑक्सिजन कमी पडला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, ऊन वर आलं की हळूहळू खाली जातात, आणि मेलेच तर सहसा मोठे आधी मरतात. पण लहान-मोठे एकदम मेले, मासे मरण्याआधी गिरक्या घेत होते, उसळ्या मारत होते, वेळही पहाटेची नव्हती, तर ते ऑक्सिजनचं काम नाही. विषाचा संशय घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पावसाळ्यात कोकणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. अशा दिवसांत शेवाळांकडून पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, आणि जूनमध्ये चाललेलं खाद्याचं प्रमाण जुलैत चालत नाही. आभाळ भरलेलं असेल तर खाद्य निम्मं करा. दोन-तीन दिवस सलग झड लागली असेल तर बंदच ठेवा. माशाला चार दिवस खाद्य मिळालं नाही तर तो मरत नाही, एक रात्र ऑक्सिजन मिळाला नाही तर मरतो.

पाण्यात शेवाळ किती झालं आहे, हे पाहायला एक पांढरी थाळी दोरीला आडवी बांधून पाण्यात सोडा. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. वीतभर खोलीवरच दिसेनाशी होत असेल तर पाण्यात शेवाळ अती झालं आहे, आणि खाद्य वाया जाऊन त्याचंच खत होत आहे. अशा पाण्यात निळी-हिरवी शेवाळं माजली की माशाला मातकट वास लागतो, मग गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात हा धोका जास्त. मातीच्या जुन्या तळ्यात थोडं सेंद्रिय द्रव्य पडलं तर तळाचा गाळ आणि त्यातले जीव ते काही अंशी पचवतात, त्यातूनच मृगळाला (तळाशी चरणारा मासा) खायलाही मिळतं. कागदाच्या तळ्यात तो आधार नाही. तिथे ओली साल, ओला चोथा, रसाचं धुवण यातलं काहीही सरळ पाण्यात पडता कामा नये. ‘आमच्याकडे शेण चालतं, मग साल का नाही’ असं विचारलं जातं. शेण जनावराच्या पोटातून आलेलं असतं, त्यातली साखर आधीच संपलेली असते. सालीतली शाबूत असते.

खाद्य खात नाहीत, तळाशी बसतं

आधी एक काचेचा ग्लास पाणी घ्या, त्यात तुमच्या गोळीखाद्याच्या चार-पाच कांड्या टाका आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत कांडी विरून पाणी गढूळ झालं तर मासे खात नाहीत असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या तोंडाशी खाद्य पोचलेलंच नाही. कांडी वीस-तीस मिनिटं तरी आकार धरून राहिली पाहिजे.

साल घातलेली कांडी का विरते? साखर पाणी ओढून घेते आणि कांडी आतून सुटते. यावर उपाय म्हणजे शिजवलेलं पीठ. मिश्रणातला पिठाचा भाग (मका, तांदळाची कणी, टॅपिओका, जे स्वस्त मिळेल ते) पाण्यात शिजवून चिकट खळ करा आणि गरम असतानाच बाकीचा सुका माल तिच्यात मळा. मग सोऱ्यातून किंवा खिमा करायच्या यंत्रातून काढा आणि वाळवा. कच्चं पीठ कितीही घातलं तरी ते धरून ठेवत नाही, पिष्टमय भाग शिजलेलाच लागतो. जीवनसत्त्वांची पूड घालणार असाल तर मिश्रण कोमट झाल्यावर घाला.

कांडी टिकते आणि तरी मासे शिवत नाहीत, असं असेल तर कारण बहुधा टॅनिन हा तुरट पदार्थ. ते सालीत थोडं आणि बाठ्यातल्या गरात पुष्कळ असतं. कोयीतला गर दाताखाली धरून पाहिला तर जीभ आखडते, ते टॅनिनमुळेच. टॅनिन प्रथिनांना आणि पाचक रसांना बांधून ठेवतं, म्हणजे ज्या माशाने ते खाल्लं त्यालाही त्याचा पुरता उपयोग होत नाही. त्यामुळे कच्चा गर दळून खाद्यात घालू नका. वाळलेला बाठा फोडून गर काढा, त्याचे तुकडे करून दिवसभर पाण्यात भिजत ठेवा, पाणी दोनदा बदला (ते तपकिरी येईल, ते तळ्यात ओतू नका), मग अर्धा तास उकळा, पाणी टाकून द्या आणि वाळवून दळा. एवढी खटपट करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण केली तर हाती चांगला माल येतो. त्या गरात निम्म्याहून जास्त पिष्टमय पदार्थ असतात, शेकडा दहाच्या आसपास चरबी आणि सहा ते नऊ टक्के प्रथिनं. शिजवल्यावर तेच पीठ कांडीला धरून ठेवायचं कामही करतं. माझ्या मते सालीपेक्षा कोय जास्त मोलाची आहे, पण ती फोडायला माणूस लागतो म्हणून कुणी तिच्याकडे वळत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. खाद्य एका दिवसात बदलू नका. माशाला वास आणि चव ओळखीची लागते. आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्या. तळापासून फूटभर वर एक ट्रे किंवा बारीक जाळीची चौकट टांगा, काही खाद्य तिच्यात टाका आणि दोन तासांनी उचलून पाहा. ट्रे रिकामा असेल तर प्रमाण बरोबर. त्यात उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. आंध्रात भोकं पाडलेल्या खताच्या गोण्या बांबूला टांगून कार्पला (रोहू, कटला, मृगळ या गटातल्या माशांना) खाद्य देतात, मासे भोकांतून ओढून खातात. आपल्याकडेही कांडी न करता भुकटी द्यायची असेल तर ती पद्धत पाण्यावर फेकण्यापेक्षा शंभर पटीने बरी.

खातात, पण वजन चढत नाही

इथे गणित करावंच लागेल, आणि ते अवघड नाही. रोहू-कटल्याला वाढीच्या काळात खाद्यात साधारण 25 ते 30 टक्के प्रथिनं लागतात. आपल्याकडचं जुनं मिश्रण म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. पेंडीत 42 टक्के आणि कोंड्यात 12 टक्के प्रथिनं धरली तर मिश्रण 27 टक्क्यांचं होतं. वाळलेल्या आंब्याच्या सालीत प्रथिनं फार तर पाच टक्क्यांच्या आसपास.

आता शंभर किलो मिश्रणात 25 किलो सालीची भुकटी घालायची आहे. ती कोंड्यातून कापली, म्हणजे पेंड 50, कोंडा 25, साल 25, तर प्रथिनं येतात 25 टक्क्यांच्या थोडी वर. चालण्यासारखं आहे. पण पेंड महाग म्हणून ती कापली, म्हणजे पेंड 25, कोंडा 50, साल 25, तर तेच मिश्रण 18 टक्क्यांच्याही खाली जातं. दिसायला दोन्ही गोण्या सारख्याच. मासे दोन्ही खातात. पण दुसऱ्या गोणीवर ते मांस बांधू शकत नाहीत. जास्तीची साखर पोटात चरबी म्हणून साठते, यकृतातही साठते. असा मासा फाडला तर आतड्यांभोवती पांढरी चरबी लगेच दिसते.

हे मी इतकं लांबण लावून सांगतो आहे कारण ‘वाढ होत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी मला बहुतेक वेळा पेंड कापलेलीच सापडते. फुकट मालामुळे पैसे वाचवायचे म्हटल्यावर हात आपोआप सर्वांत महाग वस्तूकडे जातो. तो थांबवला पाहिजे. वाचवायचे ते कोंड्याचे आणि मक्याचे पैसे.

शिवाय 25 टक्के हे प्रमाण फक्त हिशेब दाखवायला घेतलं. प्रत्यक्षात सुरुवात पाच टक्क्यांनी करा, महिनाभर पाहा, मग दहावर जा. पंधराच्या वर जायची मी कुणाला शिफारस करणार नाही, कारण प्रथिनांचा हिशेब जुळला तरी चोथ्याचा म्हणजे तंतूंचा हिशेब बिघडतो. गाय-म्हैस तंतू पचवते, मासा पचवत नाही. रोहू-कटल्याला तर आम्लाचं वेगळं जठरच नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. न पचलेला चोथा विष्ठेतून पाण्यात येतो आणि पुन्हा ऑक्सिजनच्याच प्रश्नाकडे आपण येऊन पोचतो. बोटुकलीला (बोटभर लांबीच्या पिलांना) तर साल देऊच नये. तिला प्रथिनं जास्त लागतात आणि पोट लहान असतं, त्यात भरताड कशाला? मासा शंभरेक ग्रॅमचा झाल्यावर सुरू करा. पंगस आणि तिलापिया हे मासेही पिष्टमय अन्न बरं पचवतात, पण प्रथिनांचा नियम त्यांनाही तोच.

शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं मुळातच कमी असतात, आणि साल ती उणीव भरून काढत नाही. शंभर किलोत चार-पाच किलो चांगली मासळीची कुट्टी (वाळवून दळलेली मासळी) किंवा थोडी सोयाबीन पेंड घातली तर फरक दिसतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कुट्टी मिळवणं अवघड नाही, फक्त ती वाळूमिश्रित नको. आणि कुणी ‘युरिया घाला, प्रथिनं वाढतील’ असं सांगितलं तर ऐकू नका. रवंथ करणारी जनावरं युरियातला नत्र वापरू शकतात, कारण त्यांच्या पोटात ते काम करणारे जिवाणू असतात. माशाला तो उपयोगाचा नाही, पाण्यात मात्र अमोनिया वाढेल. प्रयोगशाळेतल्या कागदावर प्रथिनांचा आकडा वाढलेला दिसतो, कारण तिथे नत्र मोजून प्रथिनं काढतात. माशाला त्या आकड्याचा काही फायदा नाही.

दर महिन्याला पाग टाकून वीस-पंचवीस मासे काढा, एकत्र वजन करा, सरासरी काढा, वहीत लिहा. खाद्याच्या किलोच्या भावाकडे पाहून खूश होऊ नका. समजा 30 रुपयांचं खाद्य दोन किलो घालून एक किलो मासा मिळतो, आणि साल घातलेलं 24 रुपयांचं खाद्य तीन किलो घालावं लागतं. पहिल्यात मासा 60 रुपयांना पडला, दुसऱ्यात 72 ला. स्वस्त कोणतं?

पावसाळ्यात मासे मंदावतात

फळांच्या चोथ्याची खरी अडचण हंगामाची आहे. साल निघते एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तळ्यात मत्स्यबीज (माशांची पिलं) सोडलं जातं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि मासा साल खाण्याजोगा होतो पावसाळ्याच्या शेवटी. म्हणजे मे महिन्यात वाळवलेली साल कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेतून सुखरूप काढावी लागते. तिथेच बुरशी लागते.

सालीत साखर असल्यामुळे ती हवेतली ओल ओढते. खडखडीत वाळवून गोणपाटात भरलेली साल ऑगस्टमध्ये काढली तर हाताला चिकट लागते. आत हिरवट-पिवळट बुरशी असते, ती कधी दिसते, कधी दिसतही नाही. अस्परजिलस जातीच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृत पोखरतं. मासे एकदम मरत नाहीत. भूक मंदावते, कल्ले फिके पडतात, वाढ थांबते, रोज एखादा मरून वर येतो. लोक आजार समजून पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकत बसतात आणि त्याच गोणीतलं खाद्य चालू ठेवतात. अफ्लाटॉक्सिन उकळून, भाजून किंवा उन्हात घालून पुरतं जात नाही. त्यामुळे बुरशी लागलेली गोणी खड्ड्यात पुरायची, गुरांनाही घालायची नाही. दुधातूनही ते उतरतं. आणि फक्त सालीवर आळ घेऊ नका. शेंगदाणा पेंडीतही हेच विष सापडतं, तीही हुंगून आणि फोडून पाहा.

तेव्हा वाळवण नीट व्हायला हवी. साल ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्याच दिवशी पसरली पाहिजे. ढीग करून रात्रभर ठेवली तर सकाळी दारूसारखा आंबूस वास येतो, आतून गरम लागते, आणि अशी साल वाळवून काही साधत नाही. रोज वाळवता येईल तेवढीच उचला. टेम्पो भरून आणायचा मोह टाळा. खळ्यावर किंवा जाड कागदावर बोटभर जाडीचा थर पसरा, दिवसातून तीन-चारदा वरखाली करा, संध्याकाळी झाका, कारण पहाटेचं दव दिवसभराची मेहनत घालवतं. मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत साल मोडल्यावर कट् आवाज येतो. वाकली तर वाळलेली नाही.

खात्री करायची असेल तर कोरडी काचेची बरणी घ्या, तिच्यात भुकटी आणि चमचाभर कोरडं मीठ घालून चांगलं हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. आपल्याला ती दहा-बाराच्या आत हवी. नुसती साल दळायला गेलात तर चक्की चिकटते. वाळलेली साल तितक्याच कोरड्या कोंड्यात मिसळून दळा, म्हणजे भुकटी मोकळी राहते. ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये काठोकाठ भरा, गोणपाटात नको. ड्रम लहान घ्या. मोठा ड्रम रोज उघडला की उरलेल्या मालाला ओल लागतेच.

7 जूनच्या आसपास पाऊस आला की सालीचं काम थांबवा. त्यानंतर कारखान्यातून जे निघतं ते सुकवायला यंत्र नसेल तर माशांसाठी घेऊच नका. ताजी साल गुरांना मर्यादेत चालते. त्यांच्या पोटाला ती माशांपेक्षा जास्त मानवते. मात्र एकदम पाटीभर घातली तर साखरेमुळे त्यांचंही पोट बिघडतं.

मासे अचानक मेले

मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन अशी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं फवारली जातात. माणसाला आणि गुरांना त्यांचा त्रास तुलनेने कमी, पण माशांना ती अतिशय विषारी. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमसुद्धा घातक ठरतात. फवारलेलं औषध गरापेक्षा सालीवर जास्त राहतं. म्हणून कारखान्यात धुतलेल्या आंब्याचीच साल घ्या, बागेत गळून कुजलेल्या फळांची नको. आणि सालीइतकाच, कदाचित जास्त, धोका असतो फवारणीच्या पंपाचा आणि औषधाच्या रिकाम्या ड्रमचा. त्या ड्रममध्ये खाद्य भरायचं नाही, तो पंप तळ्याच्या पाण्यात बुडवायचा नाही, तळ्याच्या काठी धुवायचा नाही.

कारखान्यात मशिनं कॉस्टिक सोड्याने धुतात. ते पाणी सालीच्या ढिगात जातं का, हे विचारून घ्या. लोणच्याच्या कारखान्यातली मिठातली साल आणि कोय घेऊ नका.

आंबा सोडून दुसरं फळ असेल तर

काजूचं बोंड: गोव्यात आणि दोडामार्ग-सावंतवाडी भागात रस काढल्यावर उरलेला चोथा मार्च ते मे या दिवसांत मुबलक. टॅनिन भरपूर, आंबायला आंब्याच्या सालीहूनही उतावळा. त्याच दिवशी वाळवला तरच घ्या, आणि पाच टक्क्यांवर थांबा.

नाशिकच्या वाइनरीतला द्राक्षाचा चोथा: प्रथिनं दहा टक्क्यांच्या वर निघतात म्हणून आकर्षक वाटतो. पण त्यातला बराच भाग बियांचा, आणि त्या बियांचं टणक कवच मासा पचवू शकत नाही. वाळवून, चोळून, चाळून बिया वेगळ्या केल्या तरच अर्थ आहे. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण आणि इतर बुरशीनाशकं बरीच पडतात, तेही ध्यानात ठेवा.

नागपूर-अमरावतीकडची संत्र्याची साल: पेक्टिनमुळे पाणी सोडत नाही. शंभर किलो सालीला अर्धा किलोच्या आसपास विरलेला चुना चोळून तासभर ठेवला की पाणी सुटतं, मग पिळून वाळवता येते. सालीतलं तेल माशांना आवडत नाही. उन्हात चांगली वाळवल्यावर ते पुष्कळ उडून जातं. प्रमाण आंब्याच्या सालीपेक्षा कमीच ठेवा.

मिश्रण एकदा ठरलं की त्याचा अर्धा किलो नमुना तपासून घ्या. ओल, प्रथिनं, तंतू, चरबी आणि राख एवढी तपासणी पुरे, आणि साठवण लांबणार असेल तर अफ्लाटॉक्सिनही. कोकणातल्यांनी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करावी, ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. नमुना ड्रमच्या वरच्या थरातला न घेता वरचा, मधला आणि तळाचा असा तिन्ही ठिकाणचा एकत्र करून द्या. आणि तपासणीच्या कागदावर प्रथिनांचा आकडा ओल धरून दिला आहे की सुक्या मालावर, ते तिथेच विचारून घ्या, नाहीतर तुमचा पुढचा सगळा हिशेब चुकेल.